आश्रुबाला तांड्यातून काढायचं का?

चारठाणा, ता. जिंतूर
पोळ्यानंतरचा बुधवार

श्री. बन्सीधर भावजी यांना सरजाबाईचा नमस्कार.

तुमचा गुडघा, तुमची साखर आणि तुमचा राग ही तिन्ही आटोक्यात असतील असं धरून लिहायला बसले आहे. राजेश्रीच्या दाढेचं काय झालं? काढून टाकली असेल तर बरं, नसेल तर लवंग धरायला सांगा आणि तिच्याशी चार दिवस वाद घालू नका. इकडे सगळं ठीक आहे. सोयाबीनला शेंगा लागल्या आहेत, म्हैस आटली आहे, आणि गावातली जुनी देवळं जिथल्या तिथं आहेत. (परवा दोघंजण देवळाचे खांब मोजायला आले होते. मोजून झाल्यावर दोघांचा आकडा वेगळा निघाला, म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत.) फोन न करता पत्र का लिहिलं, असं मनात येईल. फोनवर तुम्ही "बरं" आणि "ठेवतो" यांच्यापुढं जात नाही, आणि मला सांगायचं आहे ते एवढ्यात मावत नाही. पत्र सोनपेठला माहेरी निघालेल्या त्रिवेणीच्या हाती देते आहे, म्हणजे उद्या तुम्हाला मिळेल.

तुम्ही एकतीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलंत. मतदान, बहुमत, पंच, हे तुमचे विषय. माझं शिक्षण म्हणजे दुसरीपर्यंत शाळा आणि पुढचं सगळं पुड्यांच्या कागदावर. (भज्याच्या पुडीवरची गोष्ट कायम अर्धीच असायची, त्यामुळं शेवट मनानंच करायची सवय लागली. ती अजून गेलेली नाही.) म्हणून एका मतदानाबद्दल तुमचा सल्ला हवा आहे. मतदान येत्या शनिवारी दुपारी चार वाजता आहे. पाचातल्या तिघांनी "हो" म्हटलं की आश्रुबा, म्हणजे तुमचे दादा, तांड्यातून कायमचे बाहेर.

दचकू नका. सगळं सांगते.

दादांच्या फोनात "मिठाचा तांडा" नावाचा खेळ आहे. (हा फोन तर हौदात पडला होता, असं तुम्हाला आठवेल. त्याबद्दल शेवटी लिहिते.) पाच माणसांनी आपापल्या घरी, आपापल्या फोनवर एकच खेळ खेळायचा. प्रत्येकाला एक बैल, बैलावर मिठाच्या गोण्या. समुद्राकाठून निघायचं, घाट चढायचा, नद्या उतरायच्या, लुटारूंना तोंड द्यायचं आणि मीठ आपल्या मुलखात आणायचं. एखादा मागं राहिला तर बाकीच्यांनी थांबायचं, कारण शेवटचा पोचल्याशिवाय तांडा पोचला असं धरत नाहीत. दादांची उजवी बाजू गेल्यापासून तीन वर्षं त्यांना खाटेवर उठवून बसवायला दोन माणसं लागायची. पण दर दुपारी डाव्या हाताच्या एका अंगठ्यावर ते कोकणातून निघून घाट चढून यायचे, आणि आल्यावर मला म्हणायचे, "सरजे, चहा टाक, लय चालणं झालं."

दादा गेले ते गेल्या वर्षी वैशाखात. अकराव्या दिवशी मी ओसरीत तांदूळ निवडत होते, तेव्हा फळीवरचा फोन वाजला. चष्मा लावून पाहिलं तर लिहिलेलं होतं, "आश्रुबा, तुमचा बैल दहा दिवसांपासून उपाशी आहे." भावजी, घरात सुतक असलं तरी गोठ्यातल्या जनावराला वैरण टाकावीच लागते. मी बोट लावलं, कडब्याची एक पेंढी पडली, बैलानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्याला पाणी हवं होतं. तिसऱ्या दिवशी फोन म्हणाला, "तांडा तुमची वाट पाहत आहे." माणसं उन्हात उभी आहेत आणि आपण घरात बसलोय, हे मला बरं दिसेना. म्हणून मी गेले, आणि तेव्हापासून रोज चार ते पाच जाते आहे. तिथं मी आश्रुबाच आहे. कुणाला खोटं बोलले नाही, कुणी विचारलंही नाही.

आता बाकीची माणसं सांगते. एक धम्मशीला. परभणीत शिवणाचे वर्ग घेते, दोन वर्गांच्या मधल्या वेळात खेळते आणि मला काका म्हणते. दुसरा शिवकुमार, जिंतूरचा कापडवाला, गिऱ्हाईक नसलं की काउंटरखाली तांडा हाकतो. तिसरा पाटील ९९. हा आजवर एक अक्षर बोललेला नाही, फक्त समोर काहीही आलं की "हो" दाबतो. आणि चौथा काळा वाघ. याच्याबद्दल सावकाश लिहीन, तो त्या लायकीचा आहे.

तांड्याला माझा त्रास झाला, हे मी मान्य करते. मी हळू चालते. डबक्यापाशी बैलाला पाणी पाजत बसते, तो प्यायला नको म्हणत असला तरी. लुटारूंचं प्रकरण तर माझ्यावरच येतं. आम्ही एका पाणवठ्यावर होतो, खेळातला सूर्य बुडत होता, लुटारू आले आणि फोननं विचारलं, मीठ देऊन टाकायचं की लढायचं? आता तिन्हीसांजेला मीठ घराबाहेर देऊ नये, हे काय मी सांगायला पाहिजे? आणि मिठावरून हाणामारी करायची माझी तयारी नव्हती. मी दोन्ही न दाबता "सकाळी या" असं लिहिलं आणि उजाडायची वाट पाहत बसले. लुटारूंनी वाट पाहिली नाही. पाचही जणांचं मीठ गेलं. शिवकुमार म्हणाला, "काका, तुमी लुटारूंना पंचांग दाखवायलाय का?"

पण खरी तक्रार हाळीची आहे. प्रत्येक बैलकऱ्याला एक हाळीचं बटण असतं. दाबलं की "ट्यँ" असा आवाज होऊन मागचे-पुढचे सावध होतात. ज्याला हवं तो "ट्यँ" काढून तिथं स्वतःचा आवाज भरू शकतो. दादांनी भरला होता. जीभ जड झालेली, तरी एक अख्खी सकाळ ते खाटेवर पडून एकच ओळ घासत होते आणि मी चुलीपाशी वैतागून म्हणत होते, "बैल न्हाई, गाडी न्हाई, वरडताय कुणाला?" शेवटी निघाली ती अशी: "चला रे! दमानं चला, पण चला!" एवढीच. बटण दाबलं की पाचही फोनांत ऐकू येते.

मी ती दाबते. कारण असताना दाबते आणि कारण नसताना जास्त दाबते. एकदा बिबट्याच्या रानातून जाताना सगळ्यांनी गप्प राहायचं ठरलं होतं. तो दादांचा वाढदिवस होता, म्हणजे आमच्या अंदाजानं. मी दाबली. बिबट्यानं शिवकुमारचा बैल नेला. शिवकुमार दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि तो चुकला असं मी म्हणणार नाही.

आता वाघ. हा पूर्वी दादांच्या वेळी तांड्यात होता, मग वर्षभर दिसलाच नाही, आणि यंदा आषाढात अचानक उगवला. आला त्या दिवशी मी स्वागत म्हणून हाळी दिली, तर तो त्याच क्षणी तांडा सोडून पळाला. दोन दिवसांनी आला तो फुरफुरतच. निघण्याआधी सगळ्यांची हजेरी घेतो, नंबरवार. एक, दोन, तीन. (मी तिसरी.) "हजर" असंच लिहायचं, "आहे" लिहिलं तर पुन्हा विचारतो. कुणी काही सुचवलं की दोनच शब्द: "अजिबात नको." बाजाराच्या दिवशी त्याला यायला जमत नाही, म्हणून त्या दिवशी बाकीच्यांनीही जाऊ नये असं त्याचं मत आहे. एकदा त्यानं सगळ्यांसमोर मला एक प्रश्न टाकला आणि म्हणाला, खरा आश्रुबा असशील तर उत्तर दे. मी दिलं नाही. का दिलं नाही तेही शेवटी येईल. तेव्हापासून तो माझ्यामागं हात धुऊन लागला आहे. अशा माणसाच्या घरी बायको कशी नांदत असेल, या विचारानं मला कधी कधी घास गोड लागत नाही.

यानंच पंधरा दिवसांपूर्वी मला काढायचं मतदान लावलं. त्या खेळात याची रीत अशी आहे: कुणीही एकानं बटण दाबायचं, सगळ्यांच्या फोनवर लाल पट्टी येते, तीस सेकंदांत तिघांनी "हो" म्हटलं की माणूस बाहेर. कारण सांगायचं नाही, तोंड पाहायचं नाही. गंमत म्हणजे ज्याला काढायचं त्यालाही मत आहे. मी त्या वेळी डाळीतले खडे वेचत होते, चष्मा कपाळावर. पट्टीवर "आश्रुबा" एवढं दिसलं आणि खाली हो, नाही. आता त्या फोननं आजवर मला सगळं चांगलंच विचारलेलं. वैरण टाकायची का? पाणी पाजायचं का? झूल घालायची का? मी "हो" दाबलं. वाघाचं एक, पाटील ९९ चं एक आणि माझं एक. स्वतःला काढण्यात निर्णायक मत माझं पडलं. तुमच्या एकतीस वर्षांत असा मतदार पाहिला नसेल.

मग तांडा निघून गेला आणि आमचा बैल एका सराईबाहेर एकटा उभा राहिला. मी हाळी दाबली. "ट्यँ" वाजलं. पुन्हा दाबली. "ट्यँ." हाळ्या तांड्याच्या पेटीत राहतात, बाहेर काढलेल्या माणसाबरोबर येत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. असे दीड दिवस गेले. त्या दीड दिवसात मी काय केलं ते लिहीत नाही. म्हशीला विचारा.

धम्मशीलानं परत घ्यायचं मतदान लावलं. तिचं "हो", बैल गमावूनही शिवकुमारचं "हो", आणि तिसरं पाटील ९९ चं, कारण तो दुसरं काही दाबतच नाही. ज्यानं काढलं त्यानंच आणलं. हाळी परत आली. पण वाघानं हट्ट धरला की शनिवारी पुन्हा मतदान, आणि ते शेवटचं. तेव्हा धम्मशीलानं लिहिलं, "काढायचं तर काढा, पण रीत तरी माणसासारखी असू द्या. काका, तुमी मोठे आहात, तुमीच सांगा कशी असावी." खेळात तांड्याला आपले नियम लिहायला एक पान असतं. ते पान माझ्या गळ्यात पडलं.

मला घटना माहीत नाही, खुरपणीची टोळी माहीत आहे. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हा मी सुमनबाईच्या टोळीत जायची. अकरा बाया. कपाशीत प्रत्येकीनं आपली पात धरायची, म्हणजे आपल्या वाट्याच्या ओळींचा पट्टा, आणि सगळ्यांनी सोबत सरकायचं. कडूबाई म्हणून एक होती, ती रोज मागं राहायची. तिच्यासाठी सगळ्यांना धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या कडेला, थांबावं लागायचं. माझी पात रोज पहिली पुरी व्हायची आणि मला त्याचा ताठा होता. एक दिवस मीच पुढं होऊन म्हणाले, "काढा हिला." सुमनबाईनं कंबरेवर हात ठेवले. म्हणाली, "बरं. तिच्या तोंडावर म्हन." मी म्हणाले. "आता उद्या तिची पात तू धर, न् ती तुझी धरंल. सांजच्याला बी हेच म्हनलीस तर काढू."

दुसऱ्या दिवशी मी कडूबाईची पात धरली. ती बांधाकडची होती. बांधावरची हराळी आत शिरलेली, वरून वीतभर आणि खाली हातभर. माझ्या पातीत नुसतं उपटलं की येणारं गवत असायचं, इथं खुरपं अडकायचं. दुपारपर्यंत तळहाताला फोड आले आणि मी सगळ्यांच्या मागं. कडूबाई केव्हाच पुढं गेली होती. ती धुऱ्याला पोचली, वळून आली, माझ्या पातीच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि माझ्याकडं खुरपत यायला लागली. टोमणा नाही, काही नाही. समोरासमोर आल्यावर एवढंच म्हणाली, "पोरी, बांधाकडनं खुरपं आडवं धर." तिला रोज तीच पात मिळायची, कारण ती कधी बोलायची नाही. आम्ही बाकीच्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं. मी तर सगळ्यात पुढं असायची, मला मागचं दिसणार कुठून?

म्हणून पानावर मी लिहिलं की ज्याला काढायचं त्याला आधी तोंडावर सांगावं आणि कारण लिहावं. तीस सेकंद नकोत, आज चारला सांगितलं तर मत उद्या चारला घ्यावं, म्हणजे माणसाचा चष्मा सापडतो आणि इतरांचा रागही निवतो. जो त्याच्या शेजारून निदान तीन फेऱ्या चालला असेल त्यालाच मत, लांबून पाहणाऱ्याला नाही. न वाचता "हो" दाबणाऱ्याचं मत धरू नये. (यावर पाटील ९९ नं "हो" दाबलं.) आणि शेवटचा, की जो "काढा" म्हणेल त्यानं त्या फेरीत त्याचा बैल धरावा, त्याच्या गोण्या वाहाव्यात आणि पोचल्यावर पुन्हा सांगावं, काढायचं का? धम्मशीला म्हणाली, "काका, हे माझ्या वर्गात बी लावते." शिवकुमार म्हणाला, "आमच्या दुकानात पायजे होतं, भागीदार काढायच्या आधी." वाघ प्रत्येक नियमाखाली "अजिबात नको" लिहीत गेला. फक्त शेवटच्या नियमाखाली त्यानं काही लिहिलं नाही. आज तिसरा दिवस आहे, अजून लिहिलेलं नाही.

तर भावजी, हे नियम रास्त आहेत का, तेवढं तुमच्या विद्येनं तपासा. शनिवारी आश्रुबा गेला तर मला खेळाचं काही वाटणार नाही. खेळ मला तसाही येत नाही. घरात दादांचे कपडे आहेत, काठी आहे, फोटो आहे. आवाज तेवढा दुसरीकडं कुठं नाही. राजेश्रीला माझा आशीर्वाद, आणि तुम्ही गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची वहिनी,
सरजाबाई

ता. क. फोन हौदात पडला नव्हता. तेराव्याला तुम्ही म्हणालात, "वैनी, दादाचा फोन मला द्या, आठवण म्हनून." तुमचा हक्क होता. मी म्हणाले, हौदात पडला. तेव्हा तो माझ्या कमरेला, पदराखाली खोचलेला होता, आणि बैलाच्या पाण्याची वेळ झाली म्हणून वाजला. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी म्हणाले, पोटात गुरगुरतंय. राजेश्रीनं धावत जाऊन ओवा आणला आणि सगळ्या पाहुण्यांसमोर मी मूठभर ओवा चावून खाल्ला. आजवर त्याइतकं कडू काही खाल्लं नाही.

ता. क. दुसरा. काळा वाघ तुम्ही आहात. पहिला संशय हजेरीवरून आला. मग तुम्ही तो प्रश्न टाकलात, की खरा असशील तर सांग, आमच्या घरी सकाळी आठच्या आत न उठणाऱ्या बैलाचं नाव काय? हे घरच्याशिवाय कुणाला ठाऊक? उत्तर मला येत होतं, पण दिलं असतं तर फोन कुणाकडं आहे ते तुम्हाला कळलं असतं. आता देते. नवाब. दादाच्या नावानं कुणी चोर हिंडतोय असं तुम्हाला वाटलं आणि तुम्ही त्याला हाकलायला निघालात, यात तुमचं काही चुकलं नाही. चोर मी आहे. पण एक गोष्ट मी रोज पाहत होते. आश्रुबा वारला, एवढे दोन शब्द तुम्ही तांड्यात लिहिले असते तर सगळ्यांनी त्याच घडीला "हो" दाबलं असतं. आषाढापासून तुम्ही ते एकदाही लिहिले नाहीत. मीही लिहिले नाहीत. (राजेश्रीच्या नांदण्याबद्दल वर जे लिहिलं आहे ते तिला वाचून दाखवू नका.)

ता. क. तिसरा. नियम तपासायची तशी घाई नाही. खरं काम वेगळं आहे. शनिवारी सकाळच्या बसनं मी सोनपेठला येते आहे, फोन घेऊन. चार वाजता तुमच्या ओसरीत बसू. तुमच्या नेहमीच्या पद्धतीनं हजेरी घ्या. एक, दोन म्हणून झालं की तीनला जरा थांबा. मी "हजर" लिहिणार नाही, हाळी दाबीन. ती नीट ऐका आणि मग तुम्हाला जे दाबायचं ते दाबा. "हो" दाबलंत तर शेवटचा नियम तुम्हाला लागू, दादांचा बैल तुम्ही धरायचा. "नाही" दाबलंत तरी एक दिवसाआड धरा, माझ्याच्यानं घाट चढवत नाही.

ता. क. शेवटचा. या खेपेला चष्मा डोळ्यावरच ठेवीन. राजेश्रीला सांगा, फोन वाजला तर ओवा आणू नको.